सवय होईल त्याला

बाल्टिमोर शहर, १९१९-२० चा हिवाळा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका खोलीत नऊ महिन्यांचं एक गुटगुटीत बाळ बसवलंय. त्याच्या पाठीमागे चार फूट लांबीची पोलादी कांब टांगलेली आहे आणि एक माणूस हातोडा घेऊन उभा आहे. पहिला घाव पडतो. बाळ दचकतं, हात वर जातात. दुसऱ्या घावाला ओठ थरथरायला लागतात. तिसऱ्याला बाळ भोकाड पसरतं.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत हे बाळ ‘लिटल अल्बर्ट’ या नावाने ओळखलं जातं. प्रयोग जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांचा. अल्बर्ट अकरा महिन्यांचा झाल्यावर त्याच्यासमोर पांढरा उंदीर ठेवायचा, त्याने हात लावला की मागून दणका द्यायचा, असं त्यांनी चालवलं. थोड्याच दिवसांत मूल नुसत्या उंदराला पाहून रडायला लागलं. वॉटसनला दाखवायचं होतं ते हे, की भीती शिकवता येते. पण मला या गोष्टीत उंदरापेक्षा कांब महत्त्वाची वाटते. वॉटसनला लहान मुलाला हमखास घाबरवणारी एखादी गोष्ट हवी होती आणि त्याने निवडला तो अचानक होणारा मोठा आवाज. त्याच्या मते माणसाचं पोर मोजक्याच गोष्टींची भीती घेऊन जन्माला येतं, त्यातली ही एक. म्हणजे आवाजाला घाबरणं हा भित्रेपणा नसून मूळ यंत्रणेचा भाग आहे, हे त्या प्रयोगात गृहीतच धरलेलं होतं.

अल्बर्टची भीती घालवायचं राहूनच गेलं. त्याच्या आईने दवाखाना सोडला, मूल गेलं, प्रयोग संपला.

आता आपल्याकडे या. मिरवणुकीत कानांवर हात घट्ट दाबून, आईच्या कमरेत तोंड खुपसून उभं असलेलं पोर तुम्ही पाहिलं असेल. कदाचित ते तुमचंच भाचरू असेल, किंवा लहानपणीचे तुम्ही स्वतः. कुकरची शिट्टी, मिक्सर, मॉलच्या स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं यंत्र, लग्नातला बँड, सुतळी बॉम्ब. आजूबाजूच्यांची वाक्यंही ठरलेली. ‘भित्री भागूबाई!’ ‘लाडावून ठेवलंय नुसतं.’ ‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही.’ आणि या सगळ्यांत समजूतदार वाटणारं वाक्य, जे आजीपासून वर्गशिक्षिकेपर्यंत सगळे म्हणतात: ‘सवय होईल त्याला.’

हे वाक्य अर्धं खरं आहे. त्यामुळेच ते इतकं टिकलंय.

खऱ्या अर्ध्या भागाचा एक जुना साक्षीदार म्हणजे जर्मन कवी ग्योथे. १७७०-७१ च्या सुमारास तो स्ट्रासबुर्गला कायद्याचं शिक्षण घेत होता. विशी ओलांडलेल्या या तरुणाला मोठे आवाज सहन होत नसत. उंचीवर गेलं की भोवळ यायची. त्याने स्वतःवरच उपचार करायचे ठरवले. शहरात संध्याकाळी सैनिकांना छावणीत परत बोलावण्यासाठी ढोल बडवत फेरी निघायची. ग्योथे मुद्दाम त्या ढोलांच्या शेजारून चालायचा. छाती फुटेल असं वाटायचं, तरी चालायचा. उंचीसाठी तिथल्या प्रचंड चर्चच्या मनोऱ्यावर चढून बसायचा. पुढे त्याने आत्मचरित्रात हे सगळं लिहिलं आणि आपली भीती गेली असंही नोंदवलं.

‘बघा, झाली ना सवय!’ असं म्हणायच्या आधी एक गोष्ट बघा. ग्योथेला ढोलांपाशी कोणी ओढत नेलं नव्हतं. कधी जायचं, किती जवळ जायचं, कधी परत फिरायचं, हे तोच ठरवत होता. आणि तो चार वर्षांचा नव्हता.

लहान मुलाच्या बाबतीत हेच काम कसं करायचं, याचं उत्तर वॉटसननंतर चारच वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये मिळालं. मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेकडे पीटर नावाने नोंदवलेला, जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता. तो सशाला घाबरायचा. तिने पीटरला त्याच्या आवडीचा खाऊ दिला आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला. पीटर शांतपणे खाऊ शकेल एवढ्या लांब. मग दिवसेंदिवस पिंजरा थोडा थोडा जवळ. मूल बिथरलं की पुन्हा मागे. शेवटी पीटर सशाला कुरवाळायला लागला. हा निबंध १९२४ साली छापून आला. आज भीतीवर जे उपचार होतात त्यांच्या पूर्वजांमध्ये पीटरच्या सशाचा मान मोठा आहे, पण पाठ्यपुस्तकांत फोटो छापला जातो तो रडणाऱ्या अल्बर्टचा.

पुन्हा जॉन्स हॉपकिन्स. १९४३ साल. वॉटसन केव्हाच तिथून गेलाय. आता तिथे लिओ कॅनर हा बालमनोविकारतज्ज्ञ आहे आणि त्याने अकरा मुलांवर एक दीर्घ निबंध लिहिलाय. ऑटिझम ही आज आपल्याला माहीत असलेली संकल्पना ज्या लेखनातून रूढ झाली, त्यातला हा सगळ्यात गाजलेला. त्यात कॅनरने या मुलांना कशाकशाची भीती वाटते याची यादी दिली आहे: व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहतं पाणी, गॅसची शेगडी, चावीची खेळणी, अंडी फेटायचं यंत्र, कधी नुसता वारा. आठ दशकांपूर्वीच्या अमेरिकी घरातली ही यादी वाचताना आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर आणि कुकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. ‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही’ म्हणणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

कॅनरची नजर बारीक होती. त्याने पुढे एक निरीक्षण नोंदवलं, जे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत कामाचं वाटतं. या मुलांना आवाज नको असतो असं नाही. तेच मूल स्वतः मजेत तेवढाच मोठा आवाज करतं. त्रास होतो तो बाहेरून, न विचारता, आपल्या जगात घुसणाऱ्या आवाजाचा.

हे प्रत्येक घरात दिसतं. मिक्सर लावला की किंचाळत पळणारं पोर तासाभराने पातेलं आणि उलथनं घेऊन घर डोक्यावर घेतं, आणि मग काका म्हणतात, ‘आता बरा नाही कान दुखत याला!’ काकांना ढोंग दिसतं. कॅनरला त्यातच दुखण्याची किल्ली दिसली होती.

दुर्दैवाने पुढची काही वर्षं त्या किल्लीकडे कोणी बघितलं नाही. बोट वळलं आईबापांकडे, विशेषतः आईकडे. मुलांच्या घरात ऊब नाही, असा सूर कॅनरच्याही लेखनात होता. पुढे ब्रूनो बेटलहाइमने १९६७ च्या पुस्तकात तो पार टोकाला नेला. ज्या आया रात्रंदिवस पोराच्या कानांवर हात धरून बसल्या होत्या, त्यांनाच सांगितलं गेलं की तुमच्या थंडपणामुळे हे झालंय. बर्नार्ड रिमलंड हा स्वतः अशा मुलाचा बाप असलेला मानसशास्त्रज्ञ १९६४ मध्येच याच्या विरोधात पुराव्यानिशी उभा राहिला होता. तरी ते खूळ ओसरायला बराच काळ गेला. आपल्याकडे ‘लाडावून ठेवलंय’च्या रूपात ते अजून शिल्लक आहेच.

बाहेरून घुसणाऱ्या आवाजाबद्दल कॅनरला जे दिसलं होतं, त्याचा पुरावा वेगळ्याच ठिकाणी, मोठ्या माणसांवर केलेल्या प्रयोगातून मिळाला. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना खोलीत बसवून काम दिलं आणि मधूनमधून कर्कश आवाज ऐकवला. टाइपरायटर, आकडेमोडीचं यंत्र, परक्या भाषांतली बडबड, सगळं एकमेकांत मिसळून. काहींना ठरावीक अंतराने, काहींना केव्हाही. आवाज चालू असताना सगळ्यांनी काम बरं केलं, म्हणजे ‘सवय झाली’. गंमत पुढे होती. आवाज थांबल्यावर अवघड कोडी आणि मुद्रितं तपासायचं काम दिलं, तेव्हा अवचित आवाज ऐकलेले लोक लवकर हरले आणि जास्त चुकले. सवयीची किंमत नंतर वसूल झाली.

मग त्यांनी काही जणांना एक बटण दिलं. फारच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तेवढाच आवाज, तेवढाच वेळ त्यांनीही ऐकला. तरी नंतरच्या कामात ते कितीतरी चांगले ठरले. हे काम १९७२ साली पुस्तकरूपाने आलं.

शाळेत दिवसभर शहाण्यासारखं वागून घरी आल्यावर दप्तर फेकून आकांत करणारी मुलं असतात. शिक्षिका म्हणतात, ‘आमच्याकडे अगदी शांत असतो हो.’ आई ओशाळते. माझ्या मते त्या घरी फुटणाऱ्या आकांतात दिवसभराच्या ‘सवयी’चा हिशेब असतो. एकच मधली सुट्टी कँटीनच्या गलक्याऐवजी वाचनालयात घालवायची मुभा मिळाली, तर तेवढं बटणही पुष्कळ असतं.

आता थोडं रेल्वेकडे वळू. न्यूयॉर्कमध्येच, मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला ‘पी. एस. ९८’ ही सरकारी शाळा. तिच्याजवळून, साधारण २२० फुटांवरून, उन्नत रेल्वेमार्ग जातो. दर साडेचार मिनिटांनी गाडी. गाडी आली की रुळांकडच्या वर्गांत आवाज ८९ डेसिबलपर्यंत जायचा. शिक्षिकेने वाक्य अर्धवट सोडून तीस सेकंद थांबायचं, मग पुन्हा सुरुवात. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या लेहमन कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या एका विद्यार्थिनीचं मूल या शाळेत होतं. पालक चिडलेले होते, कोर्टात जायच्या गोष्टी चालल्या होत्या. ब्रॉन्झाफ्ट यांचं म्हणणं असं, की कोर्टात जायचं तर आधी नुकसान दाखवा.

शाळेच्या इमारतीला दोन बाजू होत्या, एक रुळांकडची आणि एक शांत. तीच शाळा, तोच अभ्यासक्रम, सारख्याच घरांतून येणारी मुलं. त्यांनी दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचनाचे गुण मांडले. रुळांकडची मुलं मागे होती आणि सहावीपर्यंत हे अंतर जवळपास एका वर्षाचं झालं होतं. १९७५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही मुलं काही ‘हळवी’ म्हणून निवडलेली नव्हती, साधी चारचौघांसारखी होती. वर्षानुवर्षं त्या आवाजात बसून त्यांना ‘सवय’ झालेलीच होती. सवय म्हणजे काय, तर ती आवाज कानाआड करायला शिकली होती, आणि मुलं जेव्हा आवाज कानाआड करायला शिकतात तेव्हा त्यात बाईंचं बोलणंही जातं.

ब्रॉन्झाफ्ट अभ्यास छापून थांबल्या नाहीत. रेल्वेच्या मागे लागून त्यांनी त्या पट्ट्यातल्या रुळांखाली रबरी गाद्या बसवून घेतल्या. शिक्षण मंडळाने वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली. मग त्यांनी पुन्हा मुलांचे गुण तपासले. १९८१ चा निष्कर्ष असा, की दोन्ही बाजूंची मुलं आता बरोबरीला आली होती.

रबर आणि छत. मुलांना काहीही शिकवावं लागलं नाही. पुढे म्युनिकमध्ये १९९२ साली जुना विमानतळ बंद होऊन नवा सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांना आधीपासून गाठून ठेवलं होतं. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, नव्याजवळच्यांचं घसरलं. एवढं स्पष्ट उत्तर समाजशास्त्रात फार वेळा मिळत नाही.

दरम्यान उपचारांच्या खोलीतही काही घडत होतं. कॅलिफोर्नियात ए. जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी १९७२ च्या पुस्तकात मांडणी केली, की काही मुलांचा मेंदू कान, त्वचा, तोल यांकडून येणारी माहिती नीट जुळवू शकत नाही. आज शहरांतल्या थेरपी केंद्रांत झोके, मोठे चेंडू, ब्रश दिसतात त्यांचं मूळ तिथे आहे. अनेक पालकांना यातून पहिल्यांदा शब्द मिळाले आणि अपराधी वाटणं कमी झालं. पुरावा मात्र अजून मर्यादित आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं आणि ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नका, असंही. विशिष्ट प्रकारे फिल्टर केलेलं संगीत ऐकवून कान ‘दुरुस्त’ करण्याची एक महागडी पद्धत मधल्या काळात खूप गाजली. तिच्याबद्दल तर याच संघटनेने १९९८ मध्येच सावध केलं होतं. तशी जाहिरात तुमच्या फीडमध्ये आली तर पुढे सरका. २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत आवाज-स्पर्शाची तीव्र प्रतिक्रिया अधिकृतपणे आली. पण आवाजाला हळवं प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसतं, हे घरातल्या मोठ्यांना सांगायला विसरू नका. पहिली पायरी साधी आहे, कानाच्या डॉक्टरांकडून श्रवण तपासून घेणं.

आणि कानांवरचे ते मोठे निळे-लाल मफ? ते मूळचे कारखान्यांतले आणि विमानतळांवरचे. मुलांच्या डोक्यावर ते येऊन फार वर्षं झालेली नाहीत. ते कामाचे आहेत, फटाक्यांच्या रात्री तर फारच. आपल्या आज्यांचे कापसाचे बोळे त्याच जातीचे, फक्त कमी आवाज अडवणारे. पण एक धोका आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी कानांच्या माणसांनी दोन आठवडे जवळपास दिवसरात्र इअरप्लग घातले. काढल्यावर त्यांना साधे आवाजही आधीपेक्षा मोठे वाटायला लागले. ज्यांना तेवढेच दिवस हलका आवाज सतत ऐकवला, त्यांचं उलट झालं, सहनशक्ती वाढली. कान शांततेत आपला आवाज स्वतःच वाढवून घेतो. म्हणून मफ दप्तरात असावेत, गरज पडली की मुलाने स्वतः काढून घालावेत, आणि गरज संपली की काढावेत. दिवसभर डोक्यावर ठेवले तर जग आणखी कर्कश होत जातं.

म्हणजे ‘सवय होईल’वाल्यांचं अर्धं खरं इथेही आहे. पूर्ण शांतता हे औषध नाही.

काही ठिकाणी थिएटर आणि दुकानांनी स्वतःच बटण बसवून दिलं. २०११ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘द लायन किंग’चा एक प्रयोग खास अशा मुलांसाठी झाला. मोठे आवाज उतरवले, लखलखणारे दिवे काढले, बाहेर शांत कोपरे ठेवले, मध्येच उठून जायला पूर्ण मुभा. ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात काही सुपरमार्केटनी आठवड्यातला एखादा तास संगीत आणि घोषणा बंद ठेवायला सुरुवात केली. खर्च जवळपास शून्य.

आपल्याकडे कायदा आहे, हे अनेकांना माहीतच नसतं. मुंबईत डॉ. यशवंत ओक आवाजाविरुद्ध १९८५ मध्येच उच्च न्यायालयात गेले होते. २००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीचे शंभर मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. पी. एस. ९८ च्या गाड्या ८९ ला पोचत होत्या, हे इथे आठवा. शिवाय डेसिबलची पट्टी सरळ नसते. दर दहा अंकांना आवाजाची ऊर्जा दहापट होते.

सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा मोठा निकाल या नियमांना बळ देणारा. त्याच्या मुळाशी एक मुलगी आहे. तेरा वर्षांची. तिच्यावर अत्याचार होत असताना तिने मारलेल्या हाका शेजारच्या लाउडस्पीकरच्या गोंगाटात कोणालाच ऐकू गेल्या नाहीत. नंतर तिने स्वतःला जाळून घेतलं. ते वाचून एक अभियंता न्यायालयात गेला. आपल्या देशात आवाजाची चर्चा नेहमी ‘सण विरुद्ध कटकटे लोक’ अशी होते, तेव्हा मला ही मुलगी आठवते.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये नियम बदलला. राज्य सरकारने रीतसर अधिसूचना काढल्याशिवाय कुठलीही जागा शांतता क्षेत्र मानायची नाही. मुंबई उच्च न्यायालयाने बदलाला स्थगिती दिली, आणि काहीच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीला. गणपतीचेच दिवस होते. तुमच्या घरातल्या लहानग्याच्या शाळेबाहेर पाटी आहे का, हे जाता-येता बघून ठेवा. नसेल तर पालकसभेत विचारायला हरकत नाही.

तोवर मूल मोठं होत राहणार आणि ढोल वाजत राहणार. ढोल-ताशा मला स्वतःला आवडतो. पुण्यात गणपतीच्या आधी कितीतरी आठवडे मुठेच्या नदीपात्रात पथकांचा सराव चालतो. संध्याकाळी जा. मिरवणुकीसारखी दोन्हीकडून इमारतींची भिंत तिथे नसते आणि उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. पार लांब, पलीकडच्या काठावर उभे राहा. मफ मुलाच्या हातात द्या, डोक्यावर घालू नका. हातात भेळ किंवा कणीस असू द्या, पीटरला होता तसा खाऊ. पुढे किती यायचं ते त्यालाच ठरवू दे. दहा पावलं आला तर दहा, एकही नाही तर एकही नाही. घरी जाऊ म्हणाला तर लगेच निघा, ‘आत्ता तर आलो’ न म्हणता. आणि पथकातल्या एखाद्या ओळखीच्या ताईने सुट्टीच्या वेळी त्याच्या हातात टिपरू दिलं, तर तो ढोलावर केवढ्याने मारतो ते जरूर बघा.